मी सांगितलं म्हणून सांगू नकोस

व्हिटबीत रात्री अकरानंतर
सीगलसुद्धा गप्प होतात.
बेकरीच्या माडीवर आमचं ऑफिस:
तीन खुर्च्या, एक हीटर, तोही रुसका.
पलीकडे मूरच्या माळावर सरकारी रडार,
शेंडा छाटलेल्या पिरॅमिडसारखं, न झोपणारं.
त्याचा आमचा संबंध नाही.
आम्ही खाजगी, आम्ही किरकोळ,
विमा कंपन्यांसाठी आभाळाची खतावणी लिहितो.

एक वाजून बारा मिनिटांनी ओळ लाल झाली.
दोन उपग्रह. दोन शेजारी देश.
नावं सांगत नाही, करारात तशी अट आहे.
नकाशा उघडा,
जिथे सीमेची रेघ तुटक आहे
तिथे बोट ठेवा, चालेल.

एक म्हणे पाऊस बघतो, दुसरा पीकपाणी.
आणखी काय काय बघतात
ते दोघांनाही पक्कं ठाऊक.
अंतर एकशे चाळीस मीटर.
अवधी एकोणीस तास.

क्लाइव्ह थ्वेट, आमचा शिफ्टप्रमुख,
वीस वर्षं खेकड्यांच्या बोटीवर होता.
म्हणाला, समुद्रात सोपं असतं.
दुसरा ज्याच्या उजव्या हाताला, त्यानं वाट द्यायची.
मग चहात बिस्कीट बुडवून वर पाहिलं:
तिथे उजवा हात कुणाचा?

मेल दोन लिहायचे. एकाच सेकंदाला धाडायचे.
गेल्या साली एकाच पत्रात दोघांची नावं गेली
आणि चार महिने खुलासे देत बसलो
की आधी त्यांचं का, आमचं का नाही.
"हटा" म्हणायचं नाही.
"विनंती" नाही, "सूचना" तर नाहीच.
नुसते आकडे.

दोन वाजता लंडनहून कुठल्याशा खात्याचा फोन,
आवाज झोपेतला, शब्द इस्त्रीचे:
पुढच्या आठवड्यात बसतायत दोघं, नदीच्या पाण्यावर,
सहा वर्षांनी पहिल्यांदा.
तोवर गाजावाजा नको.
मी म्हटलं, गाजावाजा व्हायला
एकोणीस तास आहेत अजून.
मनात म्हटलं. तोंडाने म्हटलं, येस सर.

विट्याला आमची आणि काकूची भिंत एक,
गच्चीवरची टाकी एक,
आणि बोलणं अकरा वर्षं बंद.
टाकी भरून वाहायला लागली की आई मला पिटाळायची:
जा, सांग जा तिला, कॉक तिच्याकडे आहे.
मी सांगितलं म्हणून सांगू नकोस.
मी नऊ वर्षांची, परकर गुडघ्यापर्यंत ओला.
काकू पदराला हात पुसत म्हणायची,
दिसतंय मला. निघालेच होते.
आणि जाताना माझ्या मुठीत भाजके शेंगदाणे:
हे कुणी दिले, सांगू नकोस.

पाच चाळीसला एकाचं उत्तर: नोंद घेतली.
दुसरा मुका.
बेकरीत खाली भट्टी पेटली, जमीन कोमट झाली.
सहा वाजून पाच मिनिटांनी
त्या मुक्याची कक्षा हळूच आठशे मीटर वर सरकली,
चुलीपुढून पाट सरकवावा तशी,
बसणाऱ्याकडे न बघता.
सात वाजता त्याचं निवेदन:
पूर्वनियोजित देखभाल.
सव्वासातला दुसऱ्याचं:
धोका कधी नव्हताच.
क्लाइव्हने दोन्ही छापून फाईलला लावली
आणि बंदरावर मासे बघायला गेला.

लाल ओळ हिरवी झाली. तिच्याखाली नवी, पिवळी:
नऊ वर्षांपूर्वी कुणीतरी ताकद दाखवायला
आपलाच उपग्रह फोडला होता,
त्याचा मुठीएवढा तुकडा, गुरुवारी,
कुणाच्याही वाटेत.

कोट चढवताना एक मेल आला.
सही नाही, शिक्का नाही, खात्याचा पत्ता नाही.
एकच ओळ:
वेळेवर कळवलंत. हे अधिकृत नाही.

दोघांपैकी कुणाचा होता तो,
ते मी सांगणार नाही.